मॉडेलिंगच्या जगातली प्रेमकादंबरी: पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

मॉडेलिंगच्या पार्श्वभूमीवर प्रेमकथा लिहायला घेतली की पहिल्या दहा पानांत रॅम्प, फ्लॅश, पार्टी आणि एक गर्विष्ठ फोटोग्राफर येऊन जातात, आणि अकराव्या पानावर लेखकाकडचं सामान संपतं. ही माणसं दिवसभर नेमकं काय काम करतात, हे ठरवलेलंच नसतं म्हणून असं होतं. प्रेमकादंबरीत वाचकाला दोघांमधली ओढ हवी असते. पण ती ओढ दोनशे पानं ताणून धरायची तर आड येणारी गोष्ट त्यांच्या कामातूनच आली पाहिजे. कॉलटाइम (सेटवर हजर व्हायची वेळ), करारातलं एक कलम, तीन महिने थकलेलं मानधन, चुकलेला डार्ट (कपडा अंगाला बसवण्यासाठी घातलेली चिमटी) यांत एवढा ताण भरलेला आहे की खलनायक लागत नाही.

सोयीसाठी एकच काल्पनिक जोडी धरू. मृण्मयी, वय २३, इचलकरंजीची, वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग जुळवून-दुरुस्त करून देणारे. अनिकेत, वय २७, येवल्याच्या पैठणी विणणाऱ्या घरातला, मुंबईत एका डिझायनरकडे पॅटर्न कापतो आणि रात्री स्वतःच्या छोट्या लेबलचं, म्हणजे ब्रँडचं काम करतो. पुढची उदाहरणं या दोघांवरूनच घेतली आहेत.

पायरी १: धंद्याचा एकच कोपरा निवडा

‘मॉडेल’ हा शब्द फार सैल आहे. रॅम्पवर चालणारी मुलगी, ऑनलाइन दुकानांसाठी कपडे घालून उभी राहणारी मुलगी, दागिन्यांच्या जाहिरातीतला चेहरा आणि टीव्ही जाहिरातीत अभिनय करणारी मुलगी, या चौघींचे तास, पैसे आणि ओळखीपाळखी वेगळ्या असतात. रॅम्पसाठी मुलींची उंची साधारण ५ फूट ८ इंचांच्या पुढे बघितली जाते. नायिका ५ फूट ५ इंच ठेवलीत तर तिला मोठ्या शोमध्ये चालवू नका. तिला कॅटलॉग, दागिने, जाहिराती द्या. जाणकार वाचक पहिल्या चुकीला पुस्तक मिटतो.

नवख्या लेखकाने कॅटलॉग किंवा ऑनलाइन शूट निवडावं, असं आमचं मत आहे, कारण तिथे काम दिसतं. भिवंडीकडच्या एखाद्या गोदामाला लागून असलेला स्टुडिओ, पांढरा पडदा, दिवसाला चाळीस-पन्नास कपडे. कुर्ता मापाला बसत नसेल तर पाठीमागून क्लिपा लावून आवळतात. समोरून चोख, मागून क्लिपांची रांग. सँडल परत स्टॉकमध्ये जायची असते म्हणून तळव्याला टेप चिकटवतात आणि किमतीचं लेबल बाहीत सारून देतात. पुन्हा पुन्हा कपडा बदलायचा, तीन-चार ठरलेल्या पोझ द्यायच्या, पुढचा. संध्याकाळी गाल हसून दुखतात. अशा ठिकाणी कुणी न सांगता पाण्याची बाटली पुढे केली, तरी वाचकाला ते लक्षात राहतं.

नायकाचं कामही इतकंच काळजीपूर्वक निवडा. फोटोग्राफर आणि डिझायनर हे दोन पर्याय सगळ्यांना आधी सुचतात, आणि दोन्ही अवघड आहेत. तो तिला काम देऊ शकतो आणि काढूनही घेऊ शकतो, मग तिच्या ‘हो’वर वाचकाचा विश्वास बसत नाही. तसाच नायक हवा असेल तर प्रेम कबूल होण्याआधी तिचं त्याच्याकडचं काम संपवा. एरवी समान पायरीवरचा माणूस घ्या: लाइटिंग असिस्टंट, शो डिरेक्टरचा मदतनीस, एजन्सीत मॉडेलची कामं ठरवणारा बुकर, पॅटर्न कापणारा.

पायरी २: कॅलेंडर आधी, प्रकरणं नंतर

या धंद्यात ऋतू उलटे चालतात. दिवाळीचे कपडे पावसाळ्यातच शूट होतात, लग्नसराईचे जड लेहंगे मे-जूनच्या घामात, आणि लोकरी स्वेटर ऐन उन्हाळ्यात. लॅक्मे फॅशन वीक वर्षातून दोनदा होतो, पण आता दोन्ही वेळा मुंबईतच असं नाही, दिल्लीतही होतो. न्यूयॉर्क, लंडन, मिलान, पॅरिस हे चार मोठे आठवडे फेब्रुवारी-मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबर असे ओळीने येतात. शेवटची झेप सोडून कादंबरीचा काळ आठ ते दहा महिने ठेवा आणि एका कागदावर महिने मांडून प्रत्येकापुढे तिचं काम, त्याचं काम, दोघांच्या खात्यातले पैसे आणि घरचा एखादा सण लिहा. जुलैमध्ये मृण्मयी दिवाळीच्या शूटमध्ये पणती हातात धरून हसते आहे आणि बाहेर अंधेरीत पाणी तुंबलंय, हा प्रसंग त्या कागदावरून आपोआप निघतो.

काळही पक्का करा. नव्वदच्या दशकात कथा घडत असेल तर फिल्म, पेजर आणि छापील पोर्टफोलिओ. तो मधू सप्रे, मिलिंद सोमण, उज्ज्वला राऊत ही मराठी नावं मॉडेलिंगमध्ये गाजण्याचा काळ. आजची कथा असेल तर एजन्सी आधी ‘पोलरॉइड’ मागते. नाव जुनं, पण असतात ते मोबाइलवर काढलेले साधे फोटो: मेकअप नाही, केस मागे बांधलेले, समोरून, बाजूने आणि पूर्ण उंची. फॉलोअर किती आहेत हेही विचारलं जातं.

पायरी ३: पैशाचा हिशेब मांडा

ही पायरी लोक गाळतात आणि मग नायिका पीजीत राहूनही रोज कॅबने फिरते. एक नमुना घ्या. मृण्मयीला एका जाहिरातीचे ८०,००० रुपये ठरले, असं समजा. एजन्सीचं कमिशन २० टक्के, म्हणजे १६,००० गेले. उरलेल्या ६४,००० वर १० टक्के टीडीएस, ६,४०० कापले. हातात ५७,६००, आणि तेही साठ ते नव्वद दिवसांनी. पीजीचं भाडं महिन्याला १८,००० धरलं तर तीन महिन्यांत ५४,००० होतात. म्हणजे चौकाचौकात तिचं होर्डिंग लागलेलं असताना ती मैत्रिणीकडून हजार रुपये उसने मागते आहे. कापलेला टीडीएस रिटर्न भरल्यावर परत मिळू शकतो, हे तिला ठाऊक नसतं. अनिकेत शेजारी बसून तिचा पॅन नंबर टाकून ते काढून देतो. गुलाबाच्या गुच्छापेक्षा हा प्रसंग दोघांना जास्त जवळ आणेल.

करारातली दोन कलमं नीट समजून घ्या. पहिलं, वापराची मुदत: फोटो कुठे आणि किती काळ वापरायचा. ‘एक वर्ष, फक्त डिजिटल’ असं ठरलेलं असताना तिसऱ्या वर्षी तो हायवेवर दिसला तर जादा पैसे मागता येतात. एजन्सी मात्र ग्राहक दुखवायला नको म्हणून गप्प बसते. दुसरं, एक्स्क्लुझिव्हिटी: ठरलेल्या मुदतीत त्याच प्रकारच्या दुसऱ्या ब्रँडसाठी काम करायचं नाही. आपली अख्खी कादंबरी या दुसऱ्या कलमावर उभी राहू शकते.

नवीन मुलीला फसवणारे कसे भेटतात तेही एखाद्या ओळीत येऊ द्या. नोंदणी फी मागणारा, ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करा’ म्हणून लाखभर सांगणारा. खरी एजन्सी कामातून कमिशन घेते, दारात पैसे मागत नाही.

पायरी ४: अडथळा असा, की दोघंही बरोबर असतील

आता जोडणी करू. अनिकेत सहा महिने मृण्मयीच्या मापावर आपलं पहिलं कलेक्शन बेततोय. पैठणीच्या काठांचे उरलेले तुकडे वापरून केलेली जॅकेटं. लुकबुकमध्ये, म्हणजे कलेक्शनच्या फोटोंच्या पुस्तिकेत, तीच असणार, हे दोघांनी गृहीत धरलंय, बोललेलं मात्र नाही. तेवढ्यात तिला एका मोठ्या पारंपरिक कपड्यांच्या ब्रँडचा वर्षाचा करार येतो. त्यातून वडिलांनी पोर्टफोलिओसाठी पतसंस्थेतून काढलेलं कर्ज फिटतं. पण सही केली की अनिकेतच्या लेबलसाठी ती वर्षभर उभी राहू शकत नाही.

इथे कुणी वाईट नाही. तिने सही करावी असं वाचकाला वाटतं, आणि त्याला दुखावू नये असंही वाटतं. दोन्ही वाटणं सारख्याच जोराचं असेल तरच पुढची शंभर पानं वाचली जातात.

नवखे लेखक या जागी चार गोष्टी करतात, त्या टाळा. एका फोनने मिटला असता असा गैरसमज. मत्सरी दुसरी मॉडेल: बॅकस्टेजला मुली एकमेकींच्या झिपा लावतात, पिना देतात, ते लिहा. श्रीमंत नायकाने कर्ज फेडून टाकणं, कारण तिथे तिची कथा संपते. आणि चौथी, छळाचा प्रसंग घालून नायकाला सोडवायला धाडणं. छळ दाखवायचाच असेल तर त्याला त्याचं वजन द्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फ्रीलान्स काम करणाऱ्या स्त्रीलाही लागू होतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं आणि तक्रार तीन महिन्यांत करायची असते. ती स्वतः हा रस्ता शोधते, बुकर साथ देते की हात झटकते, त्यात नाट्य आहे.

कथानक तपासायची एक कसोटी: मृण्मयीला मॉडेलऐवजी बँकेत नोकरी द्या. तरीही कथा जशीच्या तशी चालत असेल, तर ही पायरी पुन्हा करा.

पायरी ५: दोन मोठे प्रसंग तपशिलाने लिहा

पहिला, फिटिंगचा. डिझायनरच्या युनिटमध्ये कपडा थेट महागड्या कापडात कापत नाहीत. आधी मांजरपाटात कच्चा नमुना होतो, कच्च्या टाक्यांनी जोडलेला. तो अंगावर चढवून पिना लावतात, खडूने खुणा करतात, उसवतात, पुन्हा टाचतात. अनिकेतच्या मनगटावर पिनांची उशी, गळ्यात इंचपट्टी. ‘हात वर करा.’ ‘श्वास सोडा.’ ‘बसून बघा.’ बसल्यावर काखेखाली कापड ओढलं जातंय, म्हणजे मुंढा चुकलाय. तो पाव इंच सोडतो. या कामात स्पर्श रोजचा आहे, आणि म्हणूनच तो लिहिताना संयम लागतो. पहिल्या फिटिंगमध्ये स्पर्शाबद्दल एक शब्दही लिहू नका, फक्त काम लिहा. तिसऱ्या फिटिंगमध्ये तो पीन लावण्याआधी क्षणभर थांबतो आणि ‘लावू?’ असं विचारतो, जे आधी कधी विचारलेलं नव्हतं. एवढंच पुरतं.

याच जागी ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी होतं ते ठरवून ठेवा. मराठी प्रेमकथेत ती एक घटनाच असते. दोघांपैकी कोण आधी बोलतं, दुसरं माणूस त्याच वाक्याला ‘तू’ने उत्तर देतं की दोन पानं टाळतं, हे वहीत लिहून ठेवा, नाहीतर आठव्या प्रकरणात ‘तू’ आणि नवव्यात पुन्हा ‘तुम्ही’ होतं.

दुसरा प्रसंग बॅकस्टेजचा, आणि तिथे घड्याळ तुमचं हत्यार आहे. गणित करा. ३६ पोशाख, १२ मुली, म्हणजे प्रत्येकीच्या तीन फेऱ्या. दर २० सेकंदांनी एक मुलगी बाहेर सोडली तर बारा जणींना ४ मिनिटं लागतात. त्यातलं मिनिटभर चालण्यात जातं. कपडे, बूट, दागिने बदलून पुन्हा रांगेत उभं राहायला तीनच मिनिटं उरतात. सगळा शो बारा-पंधरा मिनिटांत संपतो. त्यासाठी मुली पाच-सहा तास आधी येऊन बसलेल्या असतात. आधी केस, मेकअप, मग साध्या कपड्यांत टाचा घालून रिहर्सल, मग बराच वेळ नुसती वाट.

प्रत्येकीच्या नावाचा रॅक असतो, त्यावर क्रमाने पोशाख आणि बाजूला फोटोचा कागद: कोणता दागिना, कोणती चप्पल. ड्रेसर, बऱ्याचदा फॅशन कॉलेजची विद्यार्थिनी, सँडलचे बक्कल आधीच उघडून, पाय सरळ आत जाईल अशी धरून खाली बसलेली असते. बिघडतं काय? सँडल एक नंबर मोठी निघते, मग पुढे कापूस कोंबतात. झिप मध्येच अडकते, मग मागून शिवून टाकतात आणि शो संपल्यावर टाका कापतात. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप घामाने सुटते. साडीच्या निऱ्या आधी शिवून ठेवल्या नसतील तर तीन मिनिटांत नेसवणं होत नाही. पडद्यामागे हेडसेट लावलेला माणूस खांद्यावर हात ठेवतो, ‘गो’ म्हणतो आणि मुलगी बाहेर जाते. तुमच्या दोघांचं भांडण व्हायचं असेल तर ते या तीन मिनिटांत करा. तो टाका घालतोय, ती पाठमोरी आहे, चेहरा दिसत नाही, आणि ‘सही केलीस?’ एवढा एकच प्रश्न विचारायला वेळ आहे.

शोमधला वेग समजून घ्यायला कुठल्याही फॅशन वीकचं पूर्ण, न कापलेलं रेकॉर्डिंग घ्या आणि हातात स्टॉपवॉच धरून बघा. शिलाईसाठी आपल्या भागातल्या टेलरकडे तासभर बसा. कापडासाठी मुंबईतलं मंगळदास मार्केट आणि लेस-बटणांसाठी भुलेश्वर एकदा पायी फिरा. अनिकेतचं घर लिहायचं तर येवल्याला जाऊन माग चालू असताना ऐका.

नायिका परदेशी जाणार असेल तर स्वप्नाची खर्चाची बाजूही लिहा. तिथली एजन्सी राहायची खोली, तिकीट, फोटोंच्या प्रिंट असा खर्च आधी करते आणि तिच्या खात्यावर मांडते. चार शो करूनही मुलगी देणेकरी म्हणून परतू शकते. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, आणि शरीराचा आकार बदललेल्या जाहिरातीच्या फोटोवर तसं छापावं लागतं. शरीराबद्दल लिहिताना हेच भान ठेवा. वजनाचे आणि उपाशी राहण्याचे आकडे देऊ नका. कोवळ्या वयाच्या वाचक मुली ते आदर्श म्हणून घेतात. टाचेवरचा फोड, टेपने उठलेलं पुरळ, रोजच्या इस्त्रीने करपलेले केस, यांतून तिचं शरीर जास्त खरं दिसतं.

गोव्यात एखादं प्रकरण न्यायचं असेल तर समुद्रावरचं शूट सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर ठेवा. दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. आणि गोव्याची फॅशन म्हणजे नुसता बीच नव्हे. कोलवाळचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडीला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. काठांवर काम करणाऱ्या अनिकेतला हे माहीत असणारच.

पायरी ६: भाषा

सेटवर मराठी, हिंदी, इंग्रजी एकाच वाक्यात येतात. चहा देणारा ‘स्पॉट दादा’, मेकअप करणारा ‘मेकअप दादा’, आणि स्टायलिस्ट सगळ्यांनाच ‘बेब’ म्हणते. धंद्याचे शब्द देवनागरीत तसेच ठेवा. ‘फिटिंग’ला कुणीही दुसरा शब्द वापरत नाही. संवादात हिंदी आली तर एक-दोन वाक्यं येऊ द्या, मग निवेदनात मराठीत परत या.

घरची बोली मात्र जपा. कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी जातो’ असं बोलतात. मृण्मयी अंधेरीत ‘मी आले’ म्हणते आणि आईच्या फोनवर ‘आत्ताच आलो गं’. तिने मुंबईत स्वतःचं काय काय झाकून ठेवलंय, ते एका क्रियापदातून कळतं. ती अनिकेतसमोर पहिल्यांदा चुकून ‘आलो’ म्हणते, तो प्रसंग प्रेमाच्या कबुलीच्या आधी ठेवा.

पायरी ७: मांडणी

पहिल्या कादंबरीला ६०,००० शब्द पुरेत. दोन-दोन हजारांची तीस प्रकरणं, आलटून पालटून तिच्या आणि त्याच्या नजरेतून. तिसऱ्या प्रकरणाच्या आत भेट. आठ-नऊपर्यंत तीन फिटिंग. पंधराव्यात करार येतो. बाविसाव्यात बॅकस्टेजचं भांडण. त्यानंतरची तीन-चार प्रकरणं दोघं वेगळे आहेत, आणि तिथे लेखक घाई करतात. करू नका. या काळात प्रत्येकाने स्वतःचा एक निर्णय घ्यायला हवा: तिने मुदतीच्या कलमावर एजन्सीशी बोलणं, त्याने लुकबुक चेहऱ्याशिवाय, नुसत्या हातांवर आणि पाठीवर शूट करणं. शेवट सुखाचा किंवा निदान एकत्र राहण्याचा हवा. हा प्रकार वाचणाऱ्याला दिलेला तो शब्द आहे. पण त्यासाठी तिचा करार जादूने रद्द करू नका. शेवटच्या प्रकरणाआधी झेप घेऊन वर्ष जाऊ द्या, मुदत संपू द्या.

शेवटी थोडं छपाईबद्दल. प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन कथा वाचायच्या ठिकाणी क्रमशः टाकणार असाल तर हजार-दीड हजार शब्दांचे भाग करा आणि निम्मी कादंबरी हातात असल्याशिवाय पहिला भाग टाकू नका. मध्येच खंड पडला की वाचक निघून जातात. प्रकाशकाकडे पाठवायचं तर युनिकोडमध्ये टाइप करा. छपाईसाठी फॉन्ट बदलताना ‘ॲ’ आणि ‘ऱ्य’ हमखास मोडतात, आणि तुमच्या कादंबरीत ‘ॲंगल’, ‘दुसऱ्या’ पानोपानी असणार. त्यामुळे अंतिम प्रुफं स्वतः मागून घ्या आणि आधी तेवढेच शब्द शोधत एकदा संपूर्ण वाचा. एजन्सी, ब्रँड आणि डिझायनर यांची नावं काल्पनिक ठेवा, आणि ठरवलेलं नाव खरोखर कुणाचं नाही ना, हे छपाईला देण्याआधी शोधून बघा.